मामा स्वतः बाहेरचा, मग मत असं का?

प्रश्न: ताई, माझा सख्खा मामा 1990 च्या आसपास दापोलीहून लंडनला गेला, पडेल ते काम केलं, आता स्वतःचं घर आहे. परवा व्हिडिओ कॉलवर म्हणाला, बाहेरची लोकं येणं बंद करा म्हणणाऱ्या पार्टीलाच माझं मत. अरे मग तू कोण? पण विचारायचा धीर नाही झाला. असं का करत असेल? — एक वाचक, दापोली

उत्तर: तुमचा मामा एकटा नाही हो. 2016 च्या ब्रेक्झिटला, म्हणजे ब्रिटनने युरोपियन युनियनमध्ये राहायचं की बाहेर पडायचं ह्या मतदानात, तिकडच्या बऱ्याच आशियाई लोकांनी बाहेर पडायलाच मत दिलं, कारण पोलंड-रोमानियाचा माणूस व्हिसाशिवाय येतो आणि माझ्या भाच्याला मात्र कागद गोळा करत बसावं लागतं हा राग होता, करी हॉटेलवाल्यांना तर प्रचारात सांगितलेलं की युरोप सुटलं की आपल्याकडचे आचारी आणणं सोपं होईल. प्रीती पटेल बघा, आईवडील युगांडातून गेलेले, त्या ब्रिटनच्या गृहमंत्री झाल्या, बाहेरून येणाऱ्यांसाठी कडक नियम आणले, आणि 2020 मध्ये मुलाखतीत मान्यही केलं की ह्या नियमात माझे आईवडील कदाचित बसले नसते. अमेरिकेत टेक्सासच्या स्टार काउंटीत जवळजवळ सगळी वस्ती मेक्सिकन वंशाची, तिथेही 2024 ला ट्रम्प जिंकले, 1892 नंतर पहिल्यांदाच रिपब्लिकन उमेदवार.

पण लांब कशाला, रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावर या. तिथे एका बोटीवर कर्नाटकातला खलाशी भेटलेला, पंधरा वर्षं इथेच, जाळं विणता विणता मला म्हणाला, "ताई, हे नेपाळी पोरगे आणू नका म्हणावं मालकाला, कमी पैशात जातात." हात थांबला नाही त्याचा, पण आवाज हलला होता. द्वेष नव्हता तो, पगार कमी होईल ही भीती होती. नव्याने आलेल्याचा पहिला फटका आधी आलेल्यालाच बसतो, मालकाला नाही. शिवाय मी रीतसर आलो, लाईनीत उभा राहिलो, टॅक्स भरला, म्हणजे मी "त्यांच्यातला" नाही असं मनात पक्कं बसतं. आपल्याकडे तेच, 1966 ला मुंबईत शिवसेना निघाली दाक्षिणात्यांच्या नोकऱ्यांवरून, आणि मागे उभा राहिला तो आपलाच चाकरमानी, गावाकडून पोटासाठी गेलेला, फक्त मुंबई आपलीच म्हणून स्वतःला कधी बाहेरचा न मानलेला.

मला मामाची भीती कळते, त्याचं मत मात्र अजिबात पटत नाही, कारण रस्त्यात "परत जा" म्हणून ओरडणारा कोण कधी आला ते विचारत नाही, कातडी बघून ओरडतो. पुढच्या कॉलला पार्टीचा विषय काढूच नका. पहिल्या थंडीत तो कुठे राहिला, खोली कोणी दिली, तेवढं विचारा आणि त्याला बोलू द्या.