दुसऱ्याचं पुस्तक लिहिताना आपलं मन रमेल असा माणूस कसा ओळखायचा?

प्रश्न : ताई, मी सहा वर्षं फ्रीलान्स घोस्टरायटिंग, म्हणजे दुसऱ्याच्या नावाने लिहिण्याचं काम करतेय. आधी भाषणं, लेख, मग दोन अख्खी पुस्तकं. पैसे वेळेवर मिळतात, त्याबद्दल तक्रार नाही. पण दुसरं पुस्तक ज्यांच्यासाठी लिहिलं त्यांच्याशी माझं एकूण बोलणं तीन तासही झालं नसेल, बाकी सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर मुद्दे आणि खाली ‘तुमच्या पद्धतीने फुलवा’. ड्राफ्ट पाठवला की नुसता अंगठा. पुस्तक आलं, लोकांना आवडलंही, पण मला ते हातात घ्यावंसं वाटेना. नावाची हाव नाहीये मला, खरंच नाही, पण कुणाबरोबर तरी मिळून काही घडवतोय असं वाटायला हवं ना? अशी माणसं भेटतात कुठे? की या कामात ही अपेक्षाच चूक आहे?
— एक वाचक

उत्तर : अपेक्षा अजिबात चूक नाही. आणि पुस्तक हातात घ्यावंसं वाटेना, याचं कारण तुमचं नाव नसणं हे नाहीच, तो माणूसच त्या पुस्तकात नाही हे आहे, दोघांचं काम तुम्ही एकटीने ओढलंत.

मी बरीच वर्षं हेच काम करतेय आणि आता नवीन काम घेताना एकच गोष्ट बघते, हा माणूस माझं लिहिलेलं खोडतो का. एका निवृत्त सर्जन बाईंचं आत्मकथन करत होते तेव्हाची गोष्ट. त्यांच्या पहिल्या मोठ्या ऑपरेशनच्या प्रसंगात मी लिहिलं होतं, ‘त्या क्षणी मी खूप घाबरले होते.’ प्रिंटआउट परत आला तर त्यावर आडवी रेघ आणि समासात पेन्सिलने, ‘नाही. घाबरायला वेळच नव्हता. भीती घरी गेल्यावर वाटली, अंगावर पाणी घेताना.’ ते वाक्य मला कधीच सुचलं नसतं, आणि माझं चुकीचं वाक्य समोर आलं नसतं तर त्यांनाही सुचलं नसतं. तुम्ही जे शोधताय ना ते हेच आहे, मी अजून तो कागद जपून ठेवलाय. ‘छान झालंय’ म्हणणारे क्लायंट सोपे असतात पण त्यांच्याबरोबर काही घडत नाही.

हे आधी ओळखायचं कसं? छोटा ट्रायल ठेवा, पैसे घेऊन, फुकट नाही. दोन तास गप्पा, त्यावरून हजार-बाराशे शब्दांचा एक प्रसंग, आणि मग त्यावर त्यांच्याच हाताने केलेल्या खुणा परत मागायच्या. सेक्रेटरीने किंवा टीमने केलेल्या चालणार नाहीत. मी एकदा हे न करता मोठं काम घेतलं होतं आणि आठ महिने प्रत्येक प्रश्नाचं उत्तर सेक्रेटरीकडून आलं, शेवटी पुस्तकही नीट झालं नाही आणि माझी तब्येतही गेली. कुणी म्हणालं की खुणा करायला वेळ नाही, तर त्यांना पुस्तकासाठीही वेळ नसणार हे धरून चाला.

पण सगळं समोरच्यावरही सोडून चालत नाही हं. बरीच माणसं बंद असतात, वाईट नसतात. अमेरिकन लेखक अ‍ॅलेक्स हेली यांनी तिथले कृष्णवर्णीयांचे नेते मालकम एक्स यांचं आत्मचरित्र लिहायला १९६३ मध्ये घेतलं तेव्हा सुरुवातीला मालकम स्वतःबद्दल बोलतच नव्हते, सगळं त्यांच्या ‘नेशन ऑफ इस्लाम’ या संघटनेबद्दल आणि तिचे नेते एलायजा मुहम्मद यांच्याबद्दल. हेलींच्या लक्षात आलं की बोलता बोलता ते हाताला येईल त्या कागदावर काहीबाही खरडतात आणि मनातलं खरं तिथे उतरतं. मग हेली कॉफी देताना शेजारी मुद्दाम पेपर नॅपकिन ठेवायला लागले, मालकम गेले की त्यावरचं वाचायचे. आणि एका रात्री त्यांनी आईबद्दल विचारलं. मालकम येरझारा घालत बोलत राहिले, आणि तिथून ते पुस्तक सुरू झालं. ते १९६५ मध्ये आलं, मालकम यांची हत्या झाली त्याच वर्षी. त्यांचा करारही बघण्यासारखा आहे, मालकम यांनी लिहून घेतलं होतं की मी बोललो नाही असं काहीही पुस्तकात येणार नाही, आणि हेलींनी बदल्यात शेवटी स्वतःचं मनोगत लिहायची परवानगी घेतली, ज्यावर मालकम यांची कात्री चालणार नव्हती. दोघांनी आपापली जागा आधीच ठरवून घेतली. मला हे फार सुंदर वाटतं.

म्हणून करारात पैशांइतकंच वेळेचं कलम घाला. अख्ख्या पुस्तकासाठी निदान पंचवीस-तीस तासांच्या प्रत्यक्ष मुलाखती, ड्राफ्ट किती दिवसांत परत येणार, किती वेळा बदल होणार, काम मध्येच थांबलं तर तोवरचे पैसे. शब्दांकन म्हणून नाव हवं की नको तेही पहिल्याच दिवशी बोला, हाव नसली तरी बोला, कारण ते पुढे मनात कुठेतरी सलत राहतं.

आता कुठे भेटतात. गोपनीयतेच्या करारामुळे तुम्ही आधीचं काम दाखवू शकत नाही, मग लोकांना तुम्ही कळणार कशा? याला मला सापडलेलं एकच उत्तर म्हणजे स्वतःच्या नावाने लिहा, थोडं का होईना पण मनापासूनचं. टेनिसपटू आंद्रे आगासी २००६ मध्ये त्याची शेवटची यूएस ओपन खेळत असताना लेखक जे. आर. मोरिंगर यांचं स्वतःच्या लहानपणाच्या आठवणींचं पुस्तक वाचत होता, ते इतकं भिडलं की त्याने त्यांनाच गाठलं, आणि त्यातून त्याचं आत्मचरित्र झालं. मोरिंगर यांनी तर मुखपृष्ठावर नाव घ्यायलाही नकार दिला होता. तुमचा आवाज ज्याला आवडतो तोच तुमच्याशी खुलून बोलेल ना. बाकी, जुन्या दोन-तीन क्लायंटना विचारून ठेवा की नवीन कुणी फोन केला तर माझ्याबद्दल बोलाल का, बहुतेक जण आनंदाने हो म्हणतात. आणि प्रकाशनातल्या संपादकांना भेटत राहा, कुणाकडे सांगण्यासारखं आहे पण लिहायला जमत नाही हे त्यांना सगळ्यात आधी कळतं.

ते अंगठेवाले क्लायंट मात्र लगेच सोडू नका, घर त्यावर चालतं. पण पुढचे मुद्दे आले की लगेच फुलवायला बसू नका. त्यातला एक मुद्दा घ्या, फोन करा आणि विचारा, हे तुम्हाला कळलं तो दिवस कसा होता, खोलीत कोण होतं, तुम्ही काय म्हणालात. मग गप्प बसा, शांतता लांबली तरी मध्ये बोलू नका. रेकॉर्डर चालू ठेवा, अर्थात त्यांना विचारून.