एका रात्रीत बांधलेलं देऊळ

ठाणे

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

अंबरनाथचं जुनं शिवमंदिर पाहून परतताना लोकलमध्ये तू विचारलंस, "सर, विश्व कसं झालं हे शोधताना विज्ञान देवाचा विचारच का करत नाही? हा हट्टच नाही का?" तेवढ्यात ठाणं आलं आणि बोलणं अर्धं राहिलं.

आपण पायऱ्या उतरून गाभाऱ्यात गेलो, मान वर केली, तर थेट आकाश दिसलं. माझी आजी सांगायची, देऊळ पांडवांनी एका रात्रीत बांधलं, उजाडलं म्हणून वरचं काम राहिलं. मला ते अगदी खरं वाटायचं. पुढे शिलालेखाबद्दल वाचलं. शके ९८२, म्हणजे इ.स. १०६०, शिलाहार राजा माम्वाणी. मग दगड कुठल्या खाणीतला, कारागीर कुठले, पैसा कुठून आला, असे प्रश्नांवर प्रश्न सुचत गेले. आजीच्या गोष्टीत ते सुचलेच नव्हते, कारण पांडवांना अशक्य ते काय? देऊळ विटांचं असतं, दुप्पट मोठं असतं, तरी गोष्ट तशीच टिकली असती. जे कारण काहीही घडलं तरी लागू पडतं, ते तपासायचं कसं? विज्ञान अडतं ते इथे.

दावा तपासता येण्याजोगा असेल तर विज्ञान तो जरूर तपासतं. जयंत नारळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्यात २०० मुलांच्या कुंडल्या घेतल्या, निम्म्या हुशार मुलांच्या, निम्म्या बौद्धिक अक्षमता असलेल्यांच्या. कुठली कुणाची ते ओळखायचं होतं. २७ ज्योतिषांची उत्तरं आली, त्यातली बरोबर निघाली ४६ टक्के. नुसतं नाणं उडवून सांगितलं असतं, तरी साधारण निम्मी बरोबर आली असती.

विश्व एका अतिशय तप्त, दाट अवस्थेतून पसरत आलं, ही महास्फोटाची कल्पनाही अशीच कसाला लागली. १९४८ मध्ये आल्फर आणि हर्मन यांनी सांगितलं की त्या उष्णतेचा अवशेष आजही उरलेला असावा, साधारण ५ केल्विन, म्हणजे उणे २६८ अंश सेल्सिअस. १९६५ मध्ये तो सापडला, जवळपास ३ केल्विन. सापडला नसता तर कल्पना अडचणीत आली असती.

आणि या कल्पनेचा पाया घालणारे लमेत्र कोण, तर बेल्जियमचे कॅथलिक धर्मगुरू! १९५१ मध्ये खुद्द पोपनी या शोधांत निर्मात्याचा पुरावा पाहिला, तेव्हा लमेत्र अस्वस्थ झाले. आपला सिद्धान्त धर्माच्या प्रश्नाबाहेरचा आहे, असं ते मानत. मला या माणसाबद्दल फार आदर आहे. श्रद्धा पक्की, म्हणूनच ती समीकरणात घुसडायची गरज त्यांना पडली नाही.

मीही इथल्या कोपिनेश्वराच्या देवळात जातो, हात जोडतो. तेव्हा माझं पत्र वाचून आईच्या सोमवारावरून घरात वाद घालू नकोस.

तुझा दुसरा प्रश्न, "महास्फोटाच्याही आधी काय होतं?" त्याचं उत्तर मला येत नाही, अजून कुणालाच येत नाही. वहीत तेवढं पान कोरं ठेव. परीक्षा संपली की वही घेऊन ये.

तुझे,
सर