त्याला निरुत्तर करू नकोस

पोरी,

काल रात्री तुझा निरोप तीनदा वाचला. रबाळ्याच्या कारखानदारांच्या ग्रुपवर तू तुझे पैसे थकवणाऱ्या त्या गिऱ्हाइकाला दिलेलं उत्तरही वाचलं. ‘धंदा कळतो म्हणूनच कुणाची उधारी बुडीत धरायची तेही कळतं.’ वाक्य धारदार आहे, नाकारत नाही. दोनशे जणांनी अंगठे वर केले, तुझ्या वडिलांची आठवण काढली, आणि तुला मात्र झोप लागली नाही. त्या न लागलेल्या झोपेवर माझा विश्वास आहे, अंगठ्यांवर नाही.

आता तुझ्या वाक्याच्या आधी त्याने काय लिहिलं होतं ते परत बघ. ‘तुझ्या चार लाख ऐंशी हजारांसाठी मी काय रबाळं सोडून पळणार आहे? बापाच्या खुर्चीत बसलं म्हणून धंदा कळत नाही.’ तुला दुसरं वाक्य लागलं. पहिलं तू वाचलंच नाहीस. अगं, सहा महिने जो माणूस ‘अकाउंट्सला विचारतो, हिशोब बघतो’ म्हणत होता, त्याने सगळ्यांसमोर आपल्या हाताने आकडा लिहिला! तिथे एवढंच हवं होतं : ‘साहेब, रक्कम बरोबर आहे. कोणत्या तारखेला पाठवताय?’ तो चिडून का होईना, काहीतरी बोलला असता. तू त्याला गप्प केलंस, आणि वर तुझ्याच पैशाला बुडीत म्हणून मोकळी झालीस.

निरुत्तर झालेला माणूस पैसे देत नाही. हे वाक्य तुझ्या कारखान्यातल्या पावडर कोटिंगच्या भट्टीवर लिहून ठेव.

कायदा तुझ्या बाजूने आहे, ते तुला ठाऊक आहे. २००६ च्या एमएसएमईडी कायद्यानुसार करारात काहीही लिहिलेलं असो, तुझ्यासारख्या नोंदणी असलेल्या लहान उद्योगाचे पैसे माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांच्या पुढे ठेवता येत नाहीत. ठेवले तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज लागतं. पण या कायद्याखाली थकबाकीचे वाद ऐकणाऱ्या कौन्सिलपुढे गेलीस की समोरचा आधी काय म्हणणार? माल खराब होता, रक्कम मान्य नाही. म्हणून त्याची कबुली लागते. वसुलीची मुदत साधारण तीन वर्षांची असते. ती संपायच्या आत त्याने सहीनिशी देणं मान्य केलं, तर १९६३ च्या मुदत कायद्याच्या १८ व्या कलमाने त्या दिवसापासून नवी तीन वर्षं मिळतात. ग्रुपवरचा मेसेज म्हणजे सही नव्हे, पण सहीकडे जायची वाट तिथूनच होती. कबुली बोलत्या माणसाकडून मिळते. त्याला बोलता ठेव.

मला हे कुणी सांगितलं नाही. वागळे इस्टेटमध्ये माझं आणि माझ्या भागीदाराचं टर्निंगचं वर्कशॉप होतं तेव्हाची गोष्ट. एका मोठ्या गिऱ्हाइकाकडे आमचे पैसे अडकले होते. भागीदाराने तीन चकरा मारून त्यांच्या परचेस ऑफिसरला बॅलन्स कन्फर्मेशनवर, म्हणजे एवढी बाकी मान्य आहे या कागदावर, सही करायला तयार केलं. कागद टेबलावर होता, पेनाचं टोपण काढलेलं होतं. सही करता करता तो म्हणाला, ‘तुमच्या मालापेक्षा तुमची बिलंच जास्त अचूक असतात.’ मी म्हणालो, ‘बिलं आम्ही बनवतो. रिजेक्शन तुमचा इन्स्पेक्टर बनवतो, पाकिटाच्या वजनावर.’ खोलीतली माणसं हसली. ऑफिसरने टोपण लावलं, कागद फाइलमध्ये घातला आणि चहा मागवला. तो कागद मला परत दिसला नाही. अर्ध्या रकमेवर तडजोड झाली तोवर आमचे तीन कारागीर दुसरीकडे गेले होते. भागीदार मला एका शब्दाने बोलला नाही. तो बोलला असता तर बरं झालं असतं.

पण एक सांगतो, मी खोटं बोललो नव्हतो. पाकिटं जात होती, मी डोळ्यांनी पाहिली होती. आजही कुणी विचारलं तर तेच सांगेन. त्या माणसाने आमच्या कामाचा अपमान केला आणि कारागिरांच्या वतीने कुणीतरी उभं राहायला हवं होतं. फक्त सही झाल्यावर उभं राहायला हवं होतं. पाच मिनिटं, पोरी. पाच मिनिटं थांबलो असतो तर...

तू पुढे प्रभागातून उभं राहायचं म्हणतेस आणि ‘तिथेही समोरच्याला असंच गार करेन’ असं लिहितेस. हे वाचून मला राग आला. महासभेत टाळ्या घेणारे पुष्कळ. विधिमंडळात बघ, मंत्र्याला चिमटा काढून सभागृह हसवणारा सदस्य त्या दिवशी गाजतो. पण जो सदस्य तारांकित प्रश्नावर शांतपणे उपप्रश्न विचारून मंत्र्याच्या तोंडून ‘चौकशी करू’ हे वदवून घेतो, त्याचं काम पुढे, मंत्र्यांनी दिलेले शब्द पाळले का ते बघणाऱ्या आश्वासन समितीपर्यंत जातं. आपल्या ठाण्याने १९७७ आणि १९८० साली रामभाऊ म्हाळगींना लोकसभेत पाठवलं. दरवर्षी आपल्या कामाचा छापील अहवाल मतदारांपुढे ठेवणारा माणूस. पक्ष कुठलाही असो, ही शिस्त शिक. आणि तोंडातून निसटलेल्या एका वाक्याची किंमत बघायची असेल तर तेव्हाचे उपमुख्यमंत्री आर. आर. पाटील बघ. ग्रामस्वच्छता अभियान उभं करणारा माणूस, २६/११ नंतर पत्रकारांपुढे एक वाक्य बोलला आणि १ डिसेंबर २००८ ला पद सोडावं लागलं.

त्याला आज फोन करू नकोस. ग्रुपवर माफीही नको, तू माफी मागण्यासारखं काही केलेलं नाहीस. त्याला एकट्याला एवढंच लिही : ‘बुडीत हा शब्द मी मागे घेते. तुम्ही लिहिलेली ४,८०,००० ही रक्कम माझ्या लेजरशी जुळते. कागद घेऊन कधी येऊ?’ तो पुन्हा टोमणा मारेल. मारू दे. त्या टोमण्यात तारीख आहे का, तेवढंच बघ.

रविवारी सकाळी तलावपाळीला ये. परचेस ऑर्डर, चलनं आणि लेजरची प्रत आण. बॅलन्स कन्फर्मेशनचा मसुदा मी टाइप करून ठेवला आहे. सहीची जागा मोठी सोडली आहे.

तुझा,
काका