परिणाम वाईट होणार असला, तरी कर्तव्य पाळायचंच का?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत: कर्तव्यवादी नीतिशास्त्राची, म्हणजे कृतीची योग्यता केवळ परिणामांवर ठरत नाही असं मानणाऱ्या विचाराची, खरी ताकद कशात आहे, आणि परिणामांकडे डोळेझाक करून नियम कवटाळून बसणं हा निव्वळ हट्ट नाही का. दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण कर्तव्यवादाबद्दलचे बरेचसे गैरसमज तिथूनच येतात.

परिणामांकडे डोळेझाक करा, असं गंभीरपणे लिहिणारा कुठलाच कर्तव्यवादी सांगत नाही. अठराव्या शतकातला जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांट तर दुसऱ्याच्या सुखासाठी झटणं हे माणसाचं कर्तव्यच मानतो, आणि परिणामांचा विचार न करता कुणाचं भलं करणार कसं? कर्तव्यवादाचं म्हणणं एवढंच, की परिणाम कितीही चांगला असला तरी तिथपर्यंत पोहोचायच्या काही वाटा आपल्याला बंद आहेत. परिणामवादी, म्हणजे कृतीची योग्यता फक्त परिणामांवरून ठरवणारा, विचारतो, शेवटी भल्याची बेरीज किती झाली? कर्तव्यवादी त्याला मध्येच अडवून विचारतो, ही बेरीज वाढवण्यासाठी तुम्ही कुणाला वापरलंत?

मी नव्या औषधांच्या चाचण्यांची छाननी करणाऱ्या एका एथिक्स कमिटीवर काम करते. आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक संमतीपत्रात एक वाक्य असावंच लागतं: तुम्ही कोणतंही कारण न देता चाचणीतून कधीही बाहेर पडू शकता, आणि त्यामुळे तुमच्या उपचारांवर काहीही परिणाम होणार नाही. नुसत्या हिशेबानं पाहिलं तर हे वाक्य महागात पडतं. माणसं मधूनच निघून गेली की माहिती अपुरी पडते, निष्कर्ष लांबतो, आणि ज्यांना त्या औषधानं आधीच बरं वाटलं असतं ते रुग्ण ताटकळत राहतात. तरीही ते वाक्य काढायला आम्ही तयार होत नाही. ज्याच्या दंडात सुई जाणार आहे त्याचा नकार हा हिशेबातला आणखी एक आकडा नव्हे. हिशेब मांडायच्या आधीच त्याला विचारावं लागतं.

यावर परिणामवाद्याचं उत्तर तयार असतं: संमती घेतली नाही तर लोकांचा वैद्यकशास्त्रावरचा विश्वास उडेल आणि शेवटी सगळ्यांचंच नुकसान होईल, म्हणजे संमतीचा नियम आम्हालाही मान्य आहेच. ठीक आहे. पण फसवणूक कधीच उघडकीला येणार नसेल तर? विश्वास उडण्याचा प्रश्नच मिटतो, आणि तरीही त्या माणसावर अन्याय झालेला असतो. अमेरिकेत टस्कीगी इथे सिफिलिस या लैंगिक संसर्गाच्या आजारावर झालेल्या अभ्यासात 1932 ते 1972 अशी चाळीस वर्षं शेकडो कृष्णवर्णीय पुरुषांना खरा आजार सांगितला गेला नाही, आणि पेनिसिलिन उपलब्ध झाल्यावरही ते दिलं गेलं नाही. तो प्रकार 1972 मध्ये वर्तमानपत्रांत आला म्हणून वाईट ठरला नाही. तो पहिल्या दिवसापासून वाईट होता. हे इतक्या सरळपणे म्हणता येणं, ही माझ्या दृष्टीनं कर्तव्यवादाची सगळ्यात मोठी ताकद.

कांटनं 1785 मध्ये हेच सूत्ररूपानं मांडलं: माणसाला, मग तो दुसरा असो की तुम्ही स्वतः, केवळ साधन म्हणून वापरू नका. यातला ‘केवळ’ महत्त्वाचा आहे. एकमेकांचा उपयोग आपण रोजच करतो, त्यात गैर काही नाही. समोरच्याला त्या व्यवहाराला हो किंवा नाही म्हणायची जागाच उरली नाही, की गैर सुरू होतं. खोटं वचन देऊन उसने पैसे घेणारा हेच करतो. पैसे परत करायचे नाहीत हे आधीच ठरलेलं असतं, त्यामुळे देणारा ज्याला ‘हो’ म्हणतो तो व्यवहार प्रत्यक्षात नसतोच.

आणखी एक गैरसमज लगेच दूर करते. कर्तव्य म्हणजे वरून आलेला हुकूम पाळणं नव्हे. ज्यूंच्या हत्याकांडात मोठा वाटा असलेल्या अडॉल्फ आइशमन या नाझी अधिकाऱ्यानं 1961 मध्ये जेरुसलेमच्या खटल्यात आपण कांटच्या शिकवणीप्रमाणे जगलो असा दावा केला होता. पण कांटचा नियम माणसानं स्वतःच्या विवेकानं स्वतःला घालून घ्यायचा असतो, आणि तो प्रत्येकाला लागू करता आला पाहिजे. विवेक गहाण टाकून वरिष्ठांचं ऐकणं हे त्याच्या नेमकं उलट आहे.

आता अडचणी. सगळ्यांना ठाऊक असलेली म्हणजे दारातल्या खुन्याची. तुमचा मित्र तुमच्या घरात लपला आहे आणि मारेकरी दारात येऊन विचारतो, तो आत आहे का? बेंजामिन कॉन्स्टंट या फ्रेंच विचारवंताच्या आक्षेपाला उत्तर देताना 1797 मध्ये कांटनं लिहिलं, की तेव्हाही खोटं बोलू नये. त्याचा युक्तिवाद असा: तुम्ही ‘नाही’ म्हणालात, मित्र तोवर मागच्या बाजूनं निसटला असला आणि परत फिरलेल्या खुन्याला वाटेत सापडला, तर त्या मृत्यूचा दोष तुमच्यावर येतो. मला हा युक्तिवाद अजिबात पटत नाही. इथे कांट स्वतःच परिणामांचा हिशेब करायला लागतो, आणि तोही एकतर्फी: खोट्याचे परिणाम बोलणाऱ्याच्या माथी, खऱ्याचे मात्र नाहीत. पण यातून सिद्ध काय होतं? नियमाचा शब्द ताठ धरला तर तो ज्या माणसाच्या प्रतिष्ठेसाठी आहे त्याच्यावरच उलटू शकतो, एवढंच. ‘खोटं बोलू नये’ हा एक निष्कर्ष सोडला म्हणून ‘कुणाला वापरू नये’ हे तत्त्व सोडावं लागत नाही.

कर्तव्यं आपसात भिडली तर काय करायचं, याचं बरं उत्तर ब्रिटिश तत्त्वज्ञ डब्ल्यू. डी. रॉसनं 1930 मध्ये दिलं. वचन पाळणं, केलेल्या चुकीची भरपाई, कृतज्ञता, न्याय, मदत, इजा न करणं ही सगळी प्रथमदर्शनी कर्तव्यं आहेत, म्हणजे दुसरं वरचढ कर्तव्य आड येत नाही तोवर पाळायची, आणि कुठलं वरचढ ठरेल ते त्या प्रसंगात पाहावं लागतं. अपघातातल्या माणसाला मदत करण्यासाठी तुम्ही भेटीची वेळ चुकवलीत, तर योग्यच केलंत, पण ताटकळलेल्या माणसाचं देणं तुमच्याकडे राहतंच. हे आपल्या अनुभवाशी जुळतं. मात्र वरचढ ठरवायचं कसं, यावर रॉस विवेकबुद्धीकडे बोट दाखवतो आणि थांबतो. दोन समंजस माणसांचे कौल वेगळे पडले तर पुढे रस्ता नाही.

मला खरोखर छळणारी अडचण संख्येची आहे. जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयानं 15 फेब्रुवारी 2006 रोजी एका कायद्यातलं कलम रद्द केलं. दहशतवाद्यांनी पळवलेलं विमान लोकांवर आदळणार असेल तर ते पाडायची मुभा त्या कलमात होती. आतल्या निरपराध प्रवाशांना मारून इतरांना वाचवणं म्हणजे त्या प्रवाशांना वस्तू समजणं, ते मानवी प्रतिष्ठेच्या हमीविरुद्ध आहे, असं न्यायालय म्हणालं. प्रवासी तसेही थोड्या वेळात मरणारच होते, हा मुद्दा त्यानं मानला नाही. कुणाचं उरलेलं आयुष्य किती मिनिटांचं आहे यावर त्याची किंमत ठरवायचा अधिकार सरकारला नको, म्हणून मला हा निकाल योग्य वाटतो.

पण जमिनीवर हजारोंऐवजी दहा लाख माणसं असती तर? पाचांसाठी एकाला मारू नये, यावर मी ठाम आहे. दहा लाखांसमोर तो ठामपणा मला पेलत नाही. काही कर्तव्यवादी म्हणूनच एक उंबरठा मानतात: त्याच्या अलीकडे निषेध पक्का, पलीकडे परिणाम निर्णायक. मीही नाइलाजानं त्यांच्याच बाजूची आहे. मात्र उंबरठा मानला, की त्याच्या अलीकडे राहिलेल्यांना आपण सांगत असतो, ‘तुमची संख्या कमी पडली’, आणि हे वाक्य बेरजेच्याच भाषेतलं आहे. ही भेग बुजवेल असं तत्त्व कुठल्याच कर्तव्यवादी मांडणीत मला सापडलेलं नाही.