‘कंपोस्टेबल’ लिहिलेली पिशवी बाल्कनीतल्या खताच्या डब्यात कुजते का?

बहुतेक वेळा नाही. निदान भाजीच्या देठांबरोबर दोन-तीन महिन्यांत तिचं खत होईल अशी अपेक्षा ठेवू नका. अडतं ते उष्णतेवर. या पिशव्यांत बरेचदा मका किंवा उसाच्या साखरेपासून केलेलं पीएलए नावाचं प्लास्टिक असतं. जिवाणू ते थेट खाऊ शकत नाहीत. आधी ओलाव्याने त्याच्या रेणूंच्या लांब साखळ्या तुटाव्या लागतात. तुकडे पुरेसे लहान झाले की मग जिवाणू-बुरशी त्यांचं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड करतात. ही तोडफोड ५८-६० अंश सेल्सिअसच्या आसपास वेग घेते. मोठ्या कंपोस्ट प्रकल्पात तेवढी धग आठवडेच्या आठवडे टिकते, आपला डबा हाताला कोमट लागला तरी खूप.

इंग्लंडमधल्या प्लिमथ विद्यापीठाचा २०१९ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग जरूर लक्षात ठेवा. मातीत पुरलेली कंपोस्टेबल पिशवी २७ महिन्यांनीही जागेवर होती, फक्त वजन भरलं की फाटत होती. समुद्रात तशीच पिशवी तीन महिन्यांत दिसेनाशी झाली, पण ती पूर्ण कुजली की बारीक तुकडे होऊन वाहून गेली, हे त्यावरून ठरत नाही. नुसतं ‘बायोडिग्रेडेबल’ म्हणून विकलेली पिशवी तर तीन वर्षांनंतरही सामान पेलत होती!

अपवाद एकच: ‘होम कंपोस्टेबल’ असं प्रमाणपत्र असलेली पिशवी. तिची चाचणी साध्या तापमानालाच होते, त्यामुळे ती घरी कुजते, मात्र तिलाही काही महिने द्यावे लागतात आणि डबा ओलसर ठेवावा लागतो.