‘हाय-वॉटर मार्क’ कुणाबद्दल म्हणावं?

‘हाय-वॉटर मार्क ऑफ हिज करिअर’ यातला वॉटरमार्क नोटेवरचाच का, आणि सत्काराच्या भाषणात हा शब्दप्रयोग चालेल का, असे दोन प्रश्न आहेत.

नोटेवरच्या खुणेशी याचं काही देणंघेणं नाही. भरतीचं किंवा पुराचं पाणी जास्तीत जास्त जिथवर चढतं, तिथे भिंतीवर गाळाची रेघ राहते. किनाऱ्यावर काटक्याकुटक्यांची ओळ लागते. ती हाय-वॉटर मार्क. त्यावरून एखाद्याच्या यशाचा, सत्तेचा, चळवळीचा सर्वोच्च टप्पा.

पण रेघ नीट दिसते ती पाणी ओसरल्यावर, आणि हे ओसरणं लाक्षणिक अर्थातही मुरलेलं आहे. अमेरिकी यादवी युद्धात 3 जुलै 1863 रोजी गेटिसबर्गला दक्षिणेच्या सैन्याने चढाई केली. थोडे सैनिक दगडी कुंपण ओलांडून आत घुसले, पण लगेच मागे रेटले गेले. त्या जागेला आजही दक्षिणेची हाय-वॉटर मार्क म्हणतात. युद्ध पुढे 1865 पर्यंत चाललं, तरी दक्षिणेला तशी उसळी पुन्हा साधली नाही.

आपल्याकडे 1758 ची अटकेची मोहीम याच मापाची. मात्र ‘अटकेपार झेंडे लावले’ म्हणताना तीनच वर्षांनी झालेलं पानिपत कुणाच्या मनात नसतं. तो निव्वळ गौरव. ‘कळस’ही वेगळा: देवळावर चढला की चढला, तो उतरत नाही. (‘मूर्खपणाचा कळस’ही होतो, ते सोडा.) ‘उच्चांक’ आकड्यांसाठी ठीक.

गुंतवणुकीच्या धंद्यात मात्र या शब्दाला ओहोटीची सक्ती नाही. फंडाचं मूल्य 100 वरून 120 झालं, मग 90 वर घसरून 115 वर आलं, तर व्यवस्थापकाला नफ्यातला वाटा मिळत नाही. 120 ही इथली हाय-वॉटर मार्क. ती ओलांडल्यावरच वाटा, आणि तोही वरच्या रकमेवरच. इथे ती खूण मोडण्यासाठीच असते.

आता सत्काराचं. उमेदीतल्या माणसाला हे म्हणू नका. ‘आता तुमची उतरती कळा’ असंच जाणकाराला ऐकू येईल. तिथे सरळ ‘शिरपेचात मानाचा तुरा’ म्हणावं. घासून गुळगुळीत झालाय, पण निरुपद्रवी आहे. मागे वळून लिहिताना मराठीत ‘परमोच्च बिंदू’ चालेल, फक्त पुढच्या वाक्यात ‘तिथून ओहोटी लागली’ हे लिहावं लागेल.