चिनी सिनेसृष्टीतल्या हलक्याफुलक्या प्रेमकथांत एवढं असतं तरी काय?

तुमचा प्रश्न असा की, बहीण रात्ररात्र फोनवर चिनी नट-नट्यांवरच्या ऑनलाइन प्रेमकादंबऱ्यांचे इंग्रजी अनुवाद वाचते, शेकडो प्रकरणं संपवते, तर त्यात एवढं आहे काय? मीही त्यातलीच वाचक, तेव्हा उत्तर थोडं पक्षपाती असेल.

कथानक दोन वाक्यांत संपतं. एक बदनाम झालेली नटी, सगळे पुरस्कार खिशात घालून बसलेला अबोल नट आणि दोघांचं गुपचूप झालेलं लग्न, बहुतेकदा कराराचं. मग दोघं एकाच रिअ‍ॅलिटी शोमध्ये येतात आणि ओळखच नसल्याचं सोंग करतात.

शेवट पहिल्याच प्रकरणात कळतो. तरी वाचवतं, कारण गंमत त्या दोघांपेक्षा त्यांना बघणाऱ्या जनतेत आहे. मध्येच गोष्ट थांबते आणि प्रेक्षकांच्या कमेंट्स सुरू होतात. “त्याने तिला पाणी का दिलं?” “सहकलाकार आहे, उगाच जोड्या लावू नका.” “माझे सहकारी मला कधी देत नाहीत ते?” पंगतीतल्या मावश्यांची कुजबुज ऐकावी तसं वाटतं; फरक इतकाच, की खरी बातमी मावश्यांना नाही, आपल्याला ठाऊक असते.

नात्याची बातमी फुटली की या गोष्टींत हमखास वेबो बंद पडतं. वेबो म्हणजे तिथलं ट्विटर म्हणा. हे अतिशयोक्त वाटेल, पण ऑक्टोबर 2017 मध्ये गायक-नट लू हानने आपल्याला प्रेयसी असल्याची पोस्ट टाकली आणि वेबो खरोखर कोलमडलं. तिथल्या एका इंजिनिअरला स्वतःच्या लग्नाच्या दिवशी लॅपटॉप उघडून बसावं लागलं, असा त्याचा फोटोही तेव्हा सगळीकडे फिरला. अशा वास्तवापुढे कादंबरीवाल्याने आणखी काय कल्पना लढवायची!

प्रेम मात्र अगदी सोवळं. जिनजियांग ही 2003 पासूनची मोठी साइट, बायकांनी बायकांसाठी लिहिलेल्या कथांचं माहेरघर. तिथे मानेखालचं काही लिहायचं नाही, असा दंडकच आहे. त्यामुळे सगळी धग नजरेत, छत्रीत आणि उष्ट्या चहाच्या कपात कोंबावी लागते. मला तरी हे बंधन लेखिकांच्या पथ्यावर पडलेलं दिसतं.

आता दोष. पहिला पाल्हाळ. वाचक प्रकरणागणिक पैसे मोजतो आणि प्रकरणाची किंमत हजार अक्षरांमागे इतके, अशा हिशेबाने ठरते. मग एकाच प्रसंगावर चाहते, विरोधक, मॅनेजर, आई असे सगळे आपापलं मत देऊन जातात. लग्न जाहीर झाल्यावर गोष्टीत जीव उरत नाही, तरी ती पुढे चालूच राहते.

दुसरा दोष मला जास्त खटकतो. नायिका थोर अभिनेत्री आहे म्हणतात, पण तिचा अभिनय कधी दिसत नाही. एकच टेक, सेटवर शांतता, दिग्दर्शक थक्क, झालं! खरं तर हेंगडियनसारख्या अवाढव्य चित्रनगरीत उन्हाळ्यात जाड राजेशाही पोशाख घालून, तारांना लोंबकळत शूटिंग करणं ही केवढी सामग्री आहे. तिथे कामाच्या आशेने येऊन राहिलेल्या एक्स्ट्रांची तर वेगळीच दुनिया. एखादीच लेखिका तिकडे वळते, आणि तिची गोष्ट लगेच उठून दिसते.

शिवाय नायिका चांगली ठरावी म्हणून दुसरी कोणीतरी नटी गोडबोली, कपटी असावीच लागते. अशा पात्राला तिकडे ‘पांढरं कमळ’ म्हणतात. बायकांनी लिहिलेल्या गोष्टींत बाईची शत्रू इतक्या सवयीने बाईच असावी, याचा मला वैताग येतो. आणि संकट कुठलंही असो, नवऱ्याचा फोन गेला की सुटतं.

चाहत्यांचं वेडही फार गोंडस करून दाखवतात. मे 2021 मध्ये प्रेक्षकांच्या मतांवर नवे पॉप तारे निवडणाऱ्या एका आयडॉल स्पर्धेत, दुधाच्या बाटल्यांच्या झाकणातले कोड वापरून मत द्यायचं म्हणून लोकांनी दूध गटारात ओतलं होतं. त्याच वर्षी सरकारने असे शो बंदच केले. कादंबऱ्यांत मात्र मतदान अजून आनंदाने चालू असतं.

तुम्हाला चाखून बघायचं असेल तर बहिणीला रिअ‍ॅलिटी शोवालीच एखादी गोष्ट मागा. कमेंट्सची पानं वगळू नका आणि लग्नाचं गुपित फुटलं की खुशाल सोडून द्या.